दसरा ते दिवाळी : वस्तीतल्या अभ्यासिकेच्या नोंदी, ऑक्टोबर २०२५

नागपूरच्या रामेश्वरी भागात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या हॉलमध्ये संध्याकाळची अभ्यासिका चालते. आठवी ते दहावीची वीसेक पोरं येतात. दरवर्षी दसरा झाला की हॉल ओस पडायला लागतो, आणि नेमकी तेव्हाच पहिल्या सत्राची परीक्षा असते. यंदा हे दोन आठवडे धरून ठेवायचे असं ठरवलं. दुसऱ्या वस्त्यांमध्ये असंच काम करणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून काय केलं, काय फसलं, किती पैसे गेले ते लिहून ठेवते आहे.

शनिवार, ४ ऑक्टोबर

परवा दसरा झाला. दीक्षाभूमीवर आलेल्या लोकांसाठी पाणी आणि जेवणाच्या स्टॉलवर आमची मोठी पोरं दोन दिवस राबली, त्यामुळे काल कोणी येणार नव्हतंच. पण आजही मोजकीच आली. बुधवारपासून पेपर आहेत, तरी.

म्हणून हॉल लवकर बंद करून घरोघरी गेले. 'काऊन नाही आलास' असं विचारायला नाही, घरात काय चाललंय ते बघायला. बहुतेक घरी चित्र एकच. भिंतींना रंग, पलंग अंगणात, भांडी खाटेवर, आणि दप्तरं? एका घरी पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर गेली होती. दुसरीकडे कपाटच उलटं लावल्यामुळे दार उघडत नव्हतं. आठवीतली मुलगी ओल्या भिंतीपासून हातभर लांब, उंबऱ्यावर बसून गणित सोडवत होती. मांडीवर वही, वहीवर चुन्याचे थेंब. ती म्हणाली, "ताई, कुठी बसू? आई म्हणते आता दिवाळी झाल्यावरच जागा होईल."

आतापर्यंत आम्ही सगळे हेच म्हणत आलो की सुट्टी जवळ आली की पोरांचं मन लागत नाही. मन लागत नाही हे खरंच आहे, पण सुट्टी आधी घरात शिरते. पुस्तक हाताशी नाही, बसायला कोपरा नाही, आणि संध्याकाळी कोणीतरी झाडू हातात देतं. दीड खोलीच्या घरातल्या पोराला 'मन लाव' म्हणून भाषण देण्यात अर्थ नाही. म्हणून पहिलं काम पुस्तकांचं. दिवाळीपर्यंत सगळी पुस्तकं हॉलमध्ये ठेवायची.

रविवार, ५ ऑक्टोबर

फळवाल्याकडून जुनी प्लास्टिकची कॅरेट आणली, आठ नग, साठ रुपयांना एक. धुऊन, पुसून भिंतीला लावली, दोन-तीन पोरांत एक. कॅरेटवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली. पुस्तकं, वह्या, कंपासपेटी सगळं इथेच. घरी न्यायचं असेल तर जे लागेल तेवढंच न्यायचं.

हॉलमधल्या दोन ट्यूब कित्येक दिवसांपासून लुकलुकत होत्या. त्या बदलल्या, ४८० रुपये. वस्तीतल्या वायरमन दादांनी हात लावण्याचे पैसे घेतले नाहीत. उजेड नीट पडल्यावर मागच्या भिंतीपाशीही पोरं बसायला लागली. हे काम जून महिन्यातच व्हायला हवं होतं.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मोठ्या चार्ट पेपरवर वेळापत्रक केलं. सात ते आठ विज्ञान, आठ ते नऊ गणित, असं. रंगीत चौकटी, खाली सह्या. पूर्ण संध्याकाळ त्यात गेली.

सोमवार, ६ ऑक्टोबर

वेळापत्रक एक दिवसही टिकलं नाही. 'सात ते आठ विज्ञान' याचा अर्थ पोरं अशी लावतात की सात ते आठ विज्ञानाचं पुस्तक समोर धरायचं. आठ वाजले की 'झालं'. काय झालं, ते कोणालाच सांगता येत नाही. चार्ट उतरवला.

आज कोजागिरी. वस्तीत दूध आटणार, गच्चीवर गाणी होणार. सणाशी भांडून कोणी जिंकत नाही. अभ्यासिका सहाला सुरू करून बरोबर आठला बंद करायची, असं सकाळीच सगळ्यांना कळवलं. आठला बंद म्हणजे आठला बंद, 'अजून दहा मिनिटं' नाही. शनिवारपेक्षा दुपटीने पोरं आली. आठवीतला एक मुलगा दारातूनच विचारून गेला, "आठ म्हणजे आठच ना ताई?" सुटण्याची वेळ पक्की दिसली की पोरं बसायला तयार होतात. ही वेळ आता रोजचीच ठेवते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

वेळापत्रकाच्या जागी चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच काम, वीस-पंचवीस मिनिटांत संपेल एवढंच. पोरानं डब्यातून आपल्या विषयाची चिठ्ठी घ्यायची, काम करायचं, वहीत तारीख टाकायची, चिठ्ठी खिळ्याला टोचायची. दहावीच्या विज्ञान भाग १ मधल्या 'उष्णता' पाठाच्या चिठ्ठ्या अशा :

'पुनर्हिमायन म्हणजे काय, पुस्तक मिटून दोन ओळींत लिहा. बर्फाच्या लादीवर तार ठेवण्याच्या प्रयोगाची आकृती काढा.'

'पाण्याचं असंगत आचरण : ०° ते ४° सेल्सिअस या दरम्यान आकारमानाचं काय होतं, ते आलेख काढून दाखवा.'

चिठ्ठ्या लिहायला फार वेळ लागतो. एका पाठाच्या सात-आठ चिठ्ठ्या करायला मला पाऊण तास लागला, तोही पाठ आधी वाचलेला असून. हे काम हाती घेणाऱ्यांनी ते दसऱ्याच्या आधीच उरकून ठेवावं. पेपर सुरू झाल्यावर सवड मिळत नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पहिला पेपर झाला. संध्याकाळी चिठ्ठ्या जोरात चालल्या, खिळा भरला. मग सहज म्हणून एका मुलीला विचारलं. तिच्या चिठ्ठीवर होतं, 'वर्तुळ पाठातलं आंतरलिखित कोनाचं प्रमेय वाचा.' तिनं वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं. पण आकृती काढ म्हटल्यावर वर्तुळ काढून ती थांबली. कोनाचा शिरोबिंदू वर्तुळावर घ्यायचा की केंद्रावर, ते तिला आठवेना. तिचा चेहरा उतरला. तिनं खरंच मेहनत केली होती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

रात्री डबा उपसला आणि 'वाचा' असलेली प्रत्येक चिठ्ठी फाडली. आता क्रियापदं चारच : लिहा, काढा, सोडवा, समजावून सांगा. शेवटचं जोडीनं करायचं. एकानं पुस्तक मिटून सांगायचं, दुसऱ्यानं पुस्तक उघडून तपासायचं. सुट्टीच्या तोंडावर आधीच लक्ष पातळ झालेलं असतं. त्यात नुसत्या वाचनानं पोराला अभ्यास केल्याचं समाधान मिळतं, डोक्यात मात्र काही उरत नाही. मग पेपर अवघड गेला की ते म्हणतं, अभ्यास करूनही जमत नाही, तर करायचा कायले. त्या वाक्यापर्यंत कोणतंही पोर पोचू नये, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मोबाइलचा प्रश्न. काल दाराशी टोपली ठेवून फोन जमा करायला सांगितले होते, त्यावर वाद झाला. पोरांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोणाचं भूगोलाचं पुस्तक फाटलेलं, कोणाचं हरवलेलं, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, म्हणून ती फोनवरच वाचतात. पण त्याच फोनवर दिवाळीच्या सेलच्या जाहिराती आणि रील येतात. पाठ उघडायला घेतलेला फोन अर्ध्या तासानं बूट बघत असतो.

शेवटी लागतील तेवढ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि कॅरेटमध्ये ठेवल्या. आज फोन आपोआप कमी निघाले. दोन संध्याकाळी यात गेल्या. टोपलीच्या आधी झेरॉक्स केल्या असत्या तर वादच झाला नसता.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज संध्याकाळी हॉलमध्ये मी आणि दोन मुली. बाकी सगळे आईवडिलांबरोबर बर्डीला, कपड्यांच्या खरेदीला. मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसेल. आईवडिलांनाही तेव्हाच वेळ असतो, हातात बोनसही तेव्हाच येतो. उद्या रविवारी हेच होणार, आणि सोमवारपासून घरोघरी फराळ. एका मुलीची आई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "ताई, चकल्या पाडायले तिच्याशिवाय कोणी नाही ना मले."

संध्याकाळ हातची गेली, हे मान्य करून रात्री पालकांना दहा मिनिटांसाठी विहारात बोलावलं. पहाटेची बॅच सुचवली, साडेपाच ते साडेसात. पेपर अकराचा असतो, मध्ये आंघोळ-जेवणाला वेळ मिळतो. एक काका म्हणाले, "एवढ्या पहाटे पोरं उठतीन का?" मी बाबासाहेबांचं उदाहरण दिलं. परळच्या चाळीत सगळं कुटुंब एका खोलीत. भीमराव लवकर झोपायचे, आणि रामजीबाबा त्यांना रात्री दोनला उठवायचे, कारण त्या खोलीत अभ्यासाला शांतता तेव्हाच मिळायची. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. आमच्या वस्तीत ही गोष्ट लहानपणापासून सगळ्यांना पाठ आहे. पण घर मोठं करता येत नसेल तर वेळ बदलता येते, हे त्यातलं कामाचं सूत्र आपण रोजच्या वापरात आणत नाही. आयांनी लगेच होकार दिला. फराळाचं काम संध्याकाळी आणि रात्री असतं, पहाटे पोर मोकळंच असतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

पहाटेची पहिली बॅच. दहावीची जवळपास सगळी आली, नववीची अर्धी. आठवीची फारशी आली नाहीत, आणि जी आली ती भिंतीला टेकून झोपली. त्यांना परत पाठवलं. लहानांसाठी संध्याकाळी सहा ते सातच ठेवते. आलेल्यांना उकडलेले चणे आणि गूळ. चहा ठेवला नाही, गॅस आणि कप धुण्यात वेळ जातो.

आजचा खरा धडा 'अर्थनियोजन'चा. जीएसटीच्या गणितांचा पोरांना कंटाळा येतो. पुस्तकातल्या दुकानदाराशी त्यांचं काही घेणंदेणं नसतं. एका मुलाच्या घरी काल मिक्सर आला होता, त्याला बिल आणायला सांगितलं. करपात्र किंमत ३००० रुपये, केंद्राचा कर ९ टक्के म्हणजे २७०, राज्याचा ९ टक्के म्हणजे २७०, एकूण ३५४०. बिल हातोहात फिरलं. मग एकानं वह्यांचं बिल काढलं, त्यावर कर शून्य. तो म्हणाला, "ताई, पुस्तकात तर १२ टक्के, २८ टक्के असे दर हायेत." हे त्याचं त्यानं पकडलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या, वह्या करमुक्त झाल्या. पाठ्यपुस्तक जुन्या दरांवर आहे. सगळ्यांना दोनदा बजावलं की पेपरात प्रश्नात दिलेला दर घ्यायचा, बाजारातला नाही.

त्यानंतर कोणाला चिठ्ठी घ्यायला सांगावं लागलं नाही. जो तो उद्या घरातलं बिल आणतो म्हणून गेला. दिवाळीची खरेदी ही अभ्यासाची अडचण म्हणून मी काल बघत होते. आज तीच खरेदी गणित शिकवायला कामी आली.

सोमवार, १३ ऑक्टोबर

गणिताचे दोन्ही पेपर झाले, आणि हवा गेली. शेवटचा पेपर भूगोल, गुरुवारी १६ ला. बोर्डालाही भूगोलाचा पेपर चाळीस गुणांचा असतो, म्हणजे भूमितीच्या पेपराएवढाच. पण तो शेवटी येतो आणि सुट्टीला चिकटून येतो, म्हणून पोरं त्याला पेपरच समजत नाहीत. 'भूगोल काय, लिहून येऊ काहीही.'

दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील यांची तुलना. कुठे राहतो ब्राझील, पोरांना काय पडलंय! घरातलं जुनं भिंतीवरचं घड्याळ आणलं, तीस रुपयांचा सेल टाकला आणि ब्राझीलियाच्या वेळेला लावलं. आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. शेजारी हॉलचं नेहमीचं घड्याळ. संध्याकाळी पोरं आली तेव्हा आपल्याकडे साडेसहा, तिकडे सकाळचे दहा. कोणी बोलायच्या आधीच प्रश्न सुरू झाले. तिकडे पोरं आता शाळेत असतील का? असतील. तिकडे पण दिवाळीच्या वेळी थंडी पडते का? नाही, देशाचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात, तिथे आता उन्हाळ्याकडे वाटचाल. मग साडेआठ तासच का? आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, ब्राझीलियाची तीन तास मागे. वेळेचा हा एक धागा धरून 'स्थान-विस्तार' आणि 'हवामान' असे दोन पाठ निघाले.

नकाशाची कोरी पानं झेरॉक्स करून ठेवली आहेत. ॲमेझॉन, पॅराना, साओ फ्रान्सिस्को या नद्या हातानं काढायच्या, छापील नकाशावर बोट फिरवायचं नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

१९५६ साली याच तारखेला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, त्यामुळे संध्याकाळी हॉलमध्ये वंदना होती, अभ्यासिका बंद. पहाटेची बॅच झाली. मध्येच लाइन गेली, वीस मिनिटं बाहेर पायऱ्यांवर बसून तोंडी प्रश्नोत्तरं केली. उजाडत आलं होतं, चाललं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

नववीतला एक मुलगा तीन दिवसांपासून दिसत नव्हता. चौकात त्याच्या वडिलांचं पणत्या आणि रांगोळीचं दुकान लागलं आहे, फुटपाथवर. तो तिथे बसतो. संध्याकाळी त्या बाजूनं गेले. वडील माल आणायला इतवारीला गेले होते, पोरगं एकटंच गिऱ्हाईक करत होतं. रांगोळीचे रंग वाटीनं मोजून पुडीत बांधत होता, बोटं निळी-पिवळी. मला बघून चपापला. "ताई, येतो ना उद्या, बाबा एकटे पडतात."

त्याला रागावण्यासारखं काही नव्हतंच. दिवाळीचे हे आठ दिवस म्हणजे त्या घराची मोठी कमाई. भूगोलाच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा रबर लावून त्याला दिला. गिऱ्हाईक नसेल तेव्हा एक काढायची, उत्तर रांगोळीच्या कागदी पिशवीच्या मागे लिहायचं. परत येताना वळून पाहिलं तर पहिली चिठ्ठी उघडली होती. अशी पोरं प्रत्येक वस्तीत असतात. हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे फुली मारली की आपलं काम संपतं, पण त्यांचं नुकसान होतं. चिठ्ठ्यांचा हा फायदा मी आधी धरलाच नव्हता. वेळापत्रक हॉलमध्येच राहतं, चिठ्ठी खिशात मावते.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

भूगोल झाला. पोरं थेट पेपरावरून हॉलवर आली, कॅरेट रिकामी करायला. घड्याळ कोणाच्या घरी जाणार यावर वाद झाला. ते हॉलमध्येच राहील.

सुट्टीचा अभ्यास किती द्यायचा, यावर माझं मत पक्कं झालं आहे. शाळेनं दिलेला गृहपाठ आहेच, वर आपण वही भरून काम द्यायचं नाही. दिवाळीत पोरांनी किल्ला करावा, मामाच्या गावाला जावं, भरपूर झोपावं. आम्ही दोनच गोष्टी केल्या. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहिली : या परीक्षेत मला अडलेला एक मुद्दा. कोणी 'वर्गसमीकरणाचं सूत्र', कोणी 'होपचं उपकरण', एकीनं 'पेपर वेळेत संपत नाही'. दुसरी गोष्ट, प्रत्येकानं वहीत एक गणित मुद्दाम अर्धवट सोडलं. दोन पायऱ्या लिहायच्या आणि वही मिटायची. सुट्टीनंतर कोरं पान उघडून बसणं सगळ्यात जड जातं. अर्ध्या गणितावर हात लगेच चालतो, हे मी आधीही पाहिलं आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वसुबारस. हिशोब लिहून विहाराच्या समितीला दिला : ट्यूब ४८०, कॅरेट ४८०, झेरॉक्स २७०, चार्ट पेपर आणि मार्कर ११०, चणे-गूळ ३५०, सेल ३०. एकूण १७२० रुपये. हजार रुपये समितीनं दिले, उरलेले मी घातले. पुढच्या वर्षी चार्ट पेपर वगळायचा आणि झेरॉक्सला पाचशे धरायचे.

अजून राहिलेलं : आठवीसाठी काहीच नीट जमलं नाही. पहाट त्यांना झेपत नाही, संध्याकाळ घरातल्या कामात जाते. शाळा सुटल्याबरोबर, घरी जायच्या आधी पाऊण तास बसवता येईल का, ते शाळेच्या बाईंना विचारायचं आहे. नववीच्या इतिहासाच्या चिठ्ठ्या अजून तयार नाहीत. विज्ञान भाग २ चा डबा अर्धा रिकामा आहे, तो भाऊबीज झाल्यावर मी आणि दहावीच्या दोन मुली मिळून भरणार. चावी खालच्या आजींकडे ठेवली आहे. अभ्यासिका सोमवारी २७ ऑक्टोबरला संध्याकाळी सहाला उघडेल, आठला बंद.